नोटपॅड++ मध्ये बुकमार्क लावल्यावर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) गप्प राहतो. मोठ्या मराठी फाइलमध्ये जागा कशी धरून ठेवायची?

पानखूण (प्रश्न विचारणारे सदस्य)

नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी इतिहासाच्या एका पुस्तकाची ओसीआर केलेली (छापील पानांच्या चित्रांतून अक्षरं ओळखून काढलेली) मजकूर-फाइल वापरतो आहे. युनिकोड मराठी, सुमारे ९,००० ओळी, २४ प्रकरणं. विंडोज ११, एनव्हीडीए, ई-स्पीकचा मराठी आवाज, लॅपटॉपचा कळफलक. संपादक नोटपॅड++.

अडचणी अशा. कंट्रोल+एफ२ दाबल्यावर बुकमार्क लागला की निघाला, काही ऐकू येत नाही. एफ२ दाबलं की कधी स्क्रीनचा उजेड बदलतो, कधी कर्सर कुठेतरी जातो पण ओळ वाचली जात नाही. काल दहा-बारा बुकमार्क लावले होते, आज फाइल उघडली तर एकही नाही. आणि एका बुकमार्कपासून दुसऱ्यापर्यंतचा मजकूर निवडून नव्या फाइलमध्ये न्यायचा असेल तर शिफ्ट आणि खालचा बाण धरून बसण्यावाचून दुसरा मार्ग आहे का?

वर्ड नको आहे. एवढ्या मोठ्या फाइलला ते जड पडतं आणि नोंदी साध्या मजकुरातच ठेवायच्या आहेत.

ओळक्रमांक

एकेक घेऊ.

उजेड बदलतो कारण लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या कळा आधी आवाज आणि उजेडासाठी राखलेल्या असतात. एफएन+एफ२ दाबा, किंवा एफएन लॉक लावून टाका. बऱ्याच लॅपटॉपवर ते एफएन+एस्केपने लागतं. नाही लागलं तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यात) सेटिंग असतं, पण तो पडदा एनव्हीडीए वाचत नाही, डोळस माणसाला शेजारी बसवा. संपादकात रोज काम करणाऱ्याने ही गोष्ट आधी उरकावी. एफ३, एफ४, एफ७ या कळाही पुढे लागणारच आहेत.

गप्प राहण्याचं कारण: नोटपॅड++ चा बुकमार्क म्हणजे ओळीच्या डावीकडच्या समासात काढलेलं एक चिन्ह. ते मजकुराचा भाग नाही, त्यामुळे स्क्रीन रीडरला तिथे वाचण्यासारखं काही सापडत नाही. एनव्हीडीएसाठी नोटपॅड++ चं ॲड-ऑन आहे, ते टाका. एनव्हीडीए+एन ने मेनू, त्यात टूल्स, त्यात ॲड-ऑन स्टोअर. हे स्टोअर २०२३.२ आवृत्तीपासून आहे, त्याआधीची आवृत्ती असेल तर एनव्हीडीए अद्ययावत करा. ॲड-ऑन बसवून एनव्हीडीए पुन्हा सुरू केलात की एफ२ आणि शिफ्ट+एफ२ ने जिथे पोहोचाल ती ओळ वाचली जाईल. ॲड-ऑनशिवाय काम करायची वेळ आली तर एफ२ नंतर एनव्हीडीए+एल दाबून चालू ओळ ऐका. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत तीच आज्ञा एनव्हीडीए+वरचा बाण अशी आहे.

कंट्रोल+एफ२ हे एकाच कळीने लावणं-काढणं आहे. लागला की निघाला याची खात्री अशी करा: कळ दाबल्यावर एकदा खालचा बाण, मग शिफ्ट+एफ२. मागच्याच ओळीवर परत आलात तर बुकमार्क लागलेला आहे. भलतीकडे गेलात किंवा जागचे हललाच नाहीत तर निघालेला आहे. दोन कळांचं काम आहे, पण शंका राहत नाही.

आणखी एक, यात बरेच जण फसतात. शेवटच्या बुकमार्कवर असताना एफ२ दाबलं तर नोटपॅड++ काहीही न सांगता फाइलमधल्या पहिल्या बुकमार्कवर जातो. पुढे गेलो असं वाटतं आणि प्रत्यक्षात आपण पहिल्या प्रकरणात असतो. म्हणून एनव्हीडीए+कंट्रोल+डी दाबून डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये जा आणि लाइन नंबर्सची खूण लावा. ओळीआधी क्रमांक बोलला जाईल. ८,७१२ नंतर एकदम ४० ऐकू आलं की समजायचं, फेरी पूर्ण झाली.

शब्दपेटी

बुकमार्क कालचे आज का नाहीत, तर बहुधा कंट्रोल+डब्ल्यूने टॅब बंद केला असावा.

नोटपॅड++ बुकमार्क फाइलमध्ये लिहीत नाही. कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीला खूण आहे ही यादी त्याच्या सेशनच्या फाइलमध्ये राहते, आणि सेशनमध्ये फक्त प्रोग्राम बंद होताना उघडे असलेले टॅब येतात. टॅब उघडा ठेवून ऑल्ट+एफ४ ने बाहेर पडलात तर पुढच्या वेळी बुकमार्क जागेवर असतात. टॅब बंद केलात की गेले. सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, बॅकअप या पानावर पुढच्या वेळी चालू सेशन लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो निवडलेला आहे ना ते पाहून घ्या.

एकाच कामाच्या दोन-तीन फाइली असतील तर फाइल मेनूतून सेव्ह सेशन करून त्या संचाला नाव देता येतं. लोड सेशनने फाइली आणि बुकमार्क दोन्ही परत येतात. पण लक्षात घ्या, यादीत नुसते ओळींचे क्रमांक असतात. तीच फाइल मोबाइलवर किंवा दुसऱ्या संपादकात उघडून वरच्या भागात पाच ओळी वाढवल्यात, तर इकडचे पुढचे सगळे बुकमार्क पाच ओळी आधीच्या मजकुरावर पडतील. ज्यांची फाइल दोन यंत्रांवर फिरते त्यांनी या बुकमार्कांवर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पानखूण

दोघांचेही आभार. ॲड-ऑन बसवलं, एफ२ आता बोलतं. टॅब मीच बंद करत होतो.

फाइल पेनड्राइव्हवरून वाचनालयातल्या संगणकावर जाते, म्हणजे बुकमार्क तिथे मिळणारच नाहीत. मग काय करावं? आणि २४ प्रकरणांना हाताने बुकमार्क लावत बसायचं का?

कळफलक

हाताने अजिबात नको. प्रकरणांची शीर्षकं एका साच्यातली असतील तर मार्क खिडकी सगळं काम करते.

कंट्रोल+एम दाबा. शोधायच्या चौकटीत लिहा:

^प्रकरण [०-९]+

मग टॅबने पुढे जात बुकमार्क लाइनची खूण लावा, सर्च मोडमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नेमक्या शब्दाऐवजी साच्यावरून शोध) निवडा, मार्क ऑलवर स्पेस, शेवटी एस्केप. ^ म्हणजे ओळीची सुरुवात. ते लावलं नाही तर "मागील प्रकरण ३ मध्ये पाहिल्याप्रमाणे" अशा मधल्या ओळींनाही खुणा लागतात. पुस्तकात आकडे इंग्रजी असतील तर चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ टाका. ओसीआरने शीर्षकाआधी मोकळ्या जागा सोडल्या असतील तर ^ नंतर एक स्पेस आणि * टाका, म्हणजे कितीही जागा असल्या तरी ओळ सापडेल.

इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत टाइप करणाऱ्यांची गोची इथे होते. शिफ्ट+६ ने ^ येत नाही, त्र येतं. चौकोनी कंसांच्या कळांवरही आपली अक्षरं बसलेली आहेत. म्हणून विंडोज+स्पेसने इंग्रजी मांडणीवर जाऊन चिन्हं टाका, परत येऊन "प्रकरण" लिहा, पुन्हा जा. कंटाळवाणं वाटत असेल तर हे सूत्र एकदा एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि दर वेळी तिथून चिकटवा. कंट्रोल+जी च्या ओळ क्रमांकाच्या चौकटीतही आकडे इंग्रजी मांडणीतूनच टाकायचे.

मार्क ऑलच्या आधी सर्च मेनूतल्या बुकमार्क उपमेनूत जाऊन जुने बुकमार्क साफ करा. नाहीतर हाताने लावलेले आणि आता लागलेले एकमेकांत मिसळतात आणि वेगळे काढता येत नाहीत. बुकमार्कांना कंट्रोल+झेड लागू पडत नाही, तेव्हा साफ करण्याआधी विचार करा.

२४ बुकमार्क लागले की त्याच उपमेनूत बुकमार्क असलेल्या ओळी कॉपी करण्याची आज्ञा आहे. ती द्या, कंट्रोल+एन ने नवी फाइल, कंट्रोल+व्ही. अनुक्रमणिका तयार. २४ ऐवजी २२ ओळी आल्या तर दोन शीर्षकं ओसीआरने बिघडवली आहेत, "प्रकरण" चं "प्रकरगा" वगैरे झालेलं असतं. कुठले क्रमांक गळले ते या यादीतच कळतं. फाइल खरंच नीट आहे का हे तपासायला याहून सोपी रीत नाही.

याच उपमेनूत बुकमार्क नसलेल्या ओळी काढून टाकण्याचीही आज्ञा आहे. कॉपीच्या जवळच आहे, बाण दाबताना चुकून तिच्यावर एंटर बसला तर ९,००० मधल्या २४ ओळी उरतील. कंट्रोल+झेडने मजकूर परत येतो, बुकमार्क त्या त्या जागी परत येतील असं धरू नका. आज्ञेचं नाव पूर्ण ऐकूनच एंटर दाबा.

ओळक्रमांक

नुसतं प्रकरणांमध्ये फिरायचं असेल तर बुकमार्कही लागत नाहीत. तेच सूत्र कंट्रोल+एफ मध्ये देऊन चालू फाइलमध्ये सगळं शोधण्याचं बटण दाबा. निकालांची खिडकी उघडते, तीत प्रत्येक ओळ क्रमांकासह वाचली जाते, एंटर दाबलं की फाइलमधल्या त्या जागी. नंतर एफ४ पुढचा निकाल, शिफ्ट+एफ४ मागचा, एफ७ ने पुन्हा निकालांच्या खिडकीत. बुकमार्क हाताने लावायच्या जागांसाठी मोकळे राहतात.

निवडीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. एडिट मेनूत बिगिन/एंड सिलेक्ट नावाची आज्ञा आहे. एकदा दिली की निवडीची सुरुवात धरली जाते. मग तुम्ही कसेही जा, बाणाने, एफ२ ने, शोधून. तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली की तिथपर्यंतचा सगळा मजकूर निवडला जातो. शिफ्ट धरून ठेवायची गरज नाही.

यात एक बारकावा आहे. एफ२ कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो. म्हणजे शेवटच्या बुकमार्कवर जाऊन निवड संपवली तर ती ओळ निवडीत येत नाही. चौथं प्रकरण उचलायचं असेल तर ते चांगलंच आहे: चौथ्याच्या शीर्षकावर सुरुवात, एफ२ ने पाचव्याच्या शीर्षकावर जाऊन शेवट, पाचव्याचं शीर्षक आपोआप बाहेर राहतं. पण उताऱ्याच्या शेवटच्या ओळीलाच बुकमार्क लावला असेल तर एंड कळ दाबून मग आज्ञा द्या. काय निवडलं गेलं ते एनव्हीडीए+शिफ्ट+एस ने ऐका, डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए+शिफ्ट+वरचा बाण.

रोज लागणार असेल तर या आज्ञेला स्वतःची कळ द्या. सेटिंग्ज मेनूत शॉर्टकट मॅपर, वरच्या टॅबांत मेन मेनू, फिल्टरच्या चौकटीत आज्ञेचं नाव, मग मॉडिफाय. कळ निवडल्यावर ती आधीच कुणाला दिलेली आहे का हे तिथेच लिहून येतं, ते वाचल्याशिवाय ओके करू नका. एफ८ देऊ नका, ती दुसऱ्या व्ह्यूमध्ये जाण्यासाठी आहे. एफ९ द्या. मॅपर साधारणपणे स्क्रीन रीडरला नीट वाचता येत नाही, ते ॲड-ऑन हीही अडचण दूर करतं.

जोडाक्षर

शोधून खुणा लावणाऱ्यांसाठी मराठीतली एक मोठी मेख सांगतो, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही माहितीपत्रकात ती मिळणार नाही.

"दुसऱ्या", "वाऱ्यावर", "कोऱ्या" यांतला ऱ्य कमीत कमी तीन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ हे एकच अक्षर, मग हलन्त आणि य. दोन, साधा र, वेगळा नुक्ता, हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने तीन वेगळे शब्द. तुम्ही "दुसऱ्या महायुद्धा" शोधलंत आणि फाइलमध्ये तिसरा प्रकार असेल तर उत्तर येतं: सापडलं नाही. मग माणूस समजतो की पुस्तकात तो भागच नाही!

उपाय: रेग्युलर एक्स्प्रेशन निवडून

दुस...?या

असं शोधा. प्रत्येक टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह, आणि प्रश्नचिन्हामुळे शेवटचं टिंब असलं-नसलं तरी चालतं. स आणि या यांच्या मध्ये पहिल्या प्रकारात दोन चिन्हं असतात, उरलेल्या दोहोंत तीन. तिन्ही पकडले जातात. जागा सोडून पुढे "महायुद्धा" जोडलंत की नको ते निकालही गळतात.

बुकमार्क लावताना म्हणूनच शक्यतो ऱ्य नसलेला शब्द धरा. "प्रकरण" ला हा त्रास नाही.

शब्दपेटी

पेनड्राइव्हच्या प्रश्नाकडे येतो. जिथे फाइल फिरते तिथे खूण फाइलच्या आतच हवी. म्हणजे मजकुरात एक असा शब्द टाइप करायचा जो पुस्तकात कुठेही नाही. बरेच जण @@ किंवा ## वापरतात. मराठी वाचकासाठी मला ते गैरसोयीचं वाटतं, कारण इन्स्क्रिप्टमध्ये ती चिन्हं मांडणी बदलल्याशिवाय मिळत नाहीत आणि विरामचिन्हांची पातळी कमी ठेवली तर बोललीही जात नाहीत. सरळ मराठी शब्द घ्या. "खूणगाठ" घ्या. आधी कंट्रोल+एफ मध्ये काउंट बटणाने तो पुस्तकात शून्य वेळा आहे ना ते पाहा.

मग हव्या त्या जागी ओळीच्या सुरुवातीला जाऊन एंटर दाबा, वर मोकळी झालेल्या ओळीवर जा आणि लिहा:

खूणगाठ रयतवारी

म्हणजे खुणेला नावही मिळालं, जे नोटपॅड++ च्या बुकमार्काला देताच येत नाही. सलग वाचन चालू असताना आवाज ती ओळ वाचतो, त्यामुळे आपण कुठे आहोत हेही कळतं. वाचनालयातल्या संगणकावर नुसतं विंडोजचं नोटपॅड असलं तरी कंट्रोल+एफ मध्ये "खूणगाठ" देऊन एफ३ पुढे, शिफ्ट+एफ३ मागे. काही बसवावं लागत नाही. तारीख-वेळही हवी असेल तर त्या नोटपॅडमध्ये एफ५ दाबलं की ती मजकुरात येते.

खूण स्वतंत्र ओळीवरच हवी, वाक्याच्या मध्ये नको. याचं कारण शेवटी कळतं. फाइल कुणाला द्यायची असेल तेव्हा कंट्रोल+एम, ^खूणगाठ, बुकमार्क लाइन, मार्क ऑल, आणि मग बुकमार्क असलेल्या ओळी काढून टाका. एका झटक्यात सगळ्या खुणा जातात, मजकुराला धक्का लागत नाही. आधी जुने बुकमार्क साफ केले नाहीत तर मात्र प्रकरणांची शीर्षकंही सोबत उडतील.

कळफलक

शब्दपेटी यांच्याशी सहमत, एक भर घालतो. वर्ड रॅप चालू असेल तर नोटपॅड++ मध्ये अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते, पडद्यावर ती बारा ओळींत मोडलेली का असेना. खालचा बाण पडद्यावरच्या ओळींनी जातो, बुकमार्क मात्र परिच्छेदाला लागतो आणि एफ२ परिच्छेदाच्या सुरुवातीलाच नेतो. लांब परिच्छेदात आठव्या ओळीवरचं वाक्य धरायचं असेल तर बुकमार्क उपयोगी नाही, तिथे खूणगाठच हवी. आणि दोन ओळी जोडल्या किंवा काही ओळींचा पट्टा खोडला की त्यांच्यावरच्या खुणा उरलेल्या ओळीवर गोळा होतात, म्हणून ओसीआरच्या तुटलेल्या ओळी जोडण्याचं काम आधी, बुकमार्क नंतर.

कुणी व्हीएस कोड वापरत असेल तर: त्यात बुकमार्क मुळात नाहीत, बुकमार्क्स नावाचं एक्स्टेन्शन घालावं लागतं. लावणं-काढणं कंट्रोल+ऑल्ट+के, मागचा कंट्रोल+ऑल्ट+जे, पुढचा कंट्रोल+ऑल्ट+एल. तिथे खुणेला नाव देता येतं. मराठी मांडणीत कंट्रोल+ऑल्ट म्हणजे उजवा ऑल्ट धरला जाऊन अक्षर उमटू शकतं, तेव्हा आधी इंग्रजी मांडणीवर या. निवडीसाठी कंट्रोल+के मग कंट्रोल+बी ने सुरुवात, कंट्रोल+के मग कंट्रोल+के ने तिथपर्यंत निवड. स्क्रीन रीडर मोड शिफ्ट+ऑल्ट+एफ१ ने चालू-बंद होतो.

पानखूण

प्रकरणांची यादी काढली, २४ पैकी २३ आली. १७ वं नाही. कंट्रोल+एफ मध्ये "प्रकरण १७" दिलं तरी सापडत नाही. फाइलमध्ये तो भाग आहे, वाचलेला आहे. आता कसं शोधू?

जोडाक्षर

आकडा बिघडला असणार, किंवा शब्द आणि आकडा यांच्या मधली जागा. ओसीआर १ च्या जागी दंड किंवा ९ टाकतं, कधी मधे दोन स्पेस येतात. आधी रेग्युलर एक्स्प्रेशन ठेवून नुसतं ^ *प्रकरण शोधा (^ नंतर एक स्पेस आहे) आणि सगळे निकाल मागवा. एफ७ च्या खिडकीत १६ आणि १८ यांच्या मध्ये जी ओळ असेल ती तुमची. तिथेही नसेल तर शब्दच बिघडलाय. मग १६ व्याच्या शीर्षकावर जाऊन बिगिन/एंड सिलेक्ट, १८ व्याच्या शीर्षकावर जाऊन पुन्हा तीच आज्ञा, आणि शोधण्याच्या खिडकीत इन सिलेक्शनची खूण लावून हे सूत्र द्या:

^.*१७

काउंट किंवा मार्क ऑल दाबा, इन सिलेक्शन त्यांना लागू असतं. सनावळ्यांच्या ओळीही येतील, १७६१ वगैरे, पण दोन प्रकरणांपुरत्याच. सापडली की शीर्षक हाताने दुरुस्त करा, कंट्रोल+एस, आणि कंट्रोल+एम मधलं पहिलं सूत्र पुन्हा चालवा.

पानखूण

सापडलं. "प्रकरण" नंतर जागाच नव्हती, "प्रकरण१७" असं एकत्र झालं होतं. दुरुस्त केलं, यादीत २४ ओळी आल्या. खूणगाठींना सुरुवात करतो.